पान एकशे तेराच्या पुढे

प्रिय वापे,

शिव्या घालायच्या तर घाल, पण वाचता वाचता घाल, वाचणं थांबवू नकोस. हे पत्र मी कुठे ठेवलं आणि तुझ्या हाती कसं लागलं, ते तुला कळलंच असेल. त्याबद्दल शेवटी बोलते. तुझी लेक मिरिन गेली त्याला आज अकरा दिवस झाले. तुला तिच्या बदल्यात एक जीव हवाय, आणि तो कुठल्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा, हेही मला ठाऊक आहे. तू तो घेशील की नाही ते माझ्या हातात नाही. पण तुमच्याकडे काय बोललं जातंय ते मी ऐकलंय. परवा तुमच्या कुंडीप कुळाच्या पोरांनी ओढ्यापलीकडून ओरडून सांगितलं, अख्ख्या डोंगराने ऐकलं : "मास्तरणीने आधी दाणे टाकले, पाखरू आलं तेव्हा मान मुरगळली!" नवऱ्याच्या कुळाला खूश करायला मी सख्ख्या भाचीला आमिष दाखवलं म्हणे. भावा, हे खरं मानून तू मला मारलंस, तर मरण्यापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटेल. म्हणून जसं झालं तसं सांगते. चूक माझी आहे, मोठी आहे, पण ती ही नव्हे.

बत्तीस वर्षांपूर्वी मला इकडे यांबारे कुळात दिली, तेव्हा तू ओढ्यातल्या मोठ्या दगडावर बसून भोकाड पसरलं होतंस. आठवतं? नाक पुसायला तुला माझी बिलुम दिली होती, नवी कोरी, आईने चार महिने विणलेली पिशवी, आणि तू ती शेंबडाने भरवून परत केलीस. त्या ओढ्याला तेव्हा पूल होता. पुढे कधी पूल असायचा, कधी नसायचा. दोन्ही कुळांतून विस्तव जात नसला की आम्ही इकडे दिलेल्या पोरी आणि तिकडे दिलेल्या पोरी तेवढ्या पाण्यातून जा-ये करायचो, कारण आम्हाला कुणी मारायचं नाही असा नियम होता. यंदाच्या भांडणात तो नियमही पार वाहून गेला. तुमचं एक डुक्कर आमच्या रताळ्यांत शिरलं, त्यावरून कोयता चालला, एकाचा हात कोपरापासून खाली पडला आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून बंदुका निघाल्या. आमच्या लोकांनी दोन्ही कुळांचा मिळून असलेला एकुलता एक दवाखाना जाळला. आतल्या औषधांच्या बाटल्या फुटायच्या तसतशी आमची पोरं टाळ्या पिटत होती, मी डोळ्यांनी बघितलं. तुमच्या लोकांनी पूल तोडला आणि पुलावर सापडलेल्या माझ्या दिराच्या, तोंडोपच्या, थोरल्या मुलाला कोयत्याने असं तोडलं की घरी आणायला दोन पिशव्या लागल्या. तू त्यात होतास की नव्हतास हे मी तुला कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही.

मग जून महिन्यात समेट झाला. राजधानीतून, मोरेस्बीहून सैनिक आले, चर्चच्या पाळकांनी दोन्हीकडचे बाण मोडून घेतले, भट्टीत डुकरं शिजली, सगळे रडले. तोंडोपनेही बाण मोडला. फक्त त्याने त्या दिवशी मांस खाल्लं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मी ते सोडून दिलं. शाळा परत उघडली होती ना, मला तेवढंच दिसत होतं.

आता डब्याचं सांगते, कारण तुमच्याकडे तो डबा म्हणजे चेटूक आहे असं पसरलंय. समेटानंतर चर्चच्या शिक्षण कचेरीने मला शहरात, गोरोक्याला बोलावलं. मोबाइलचा टॉवर लढाईत गोळ्या खाऊन पडलेला, इंटरनेट नाही, पुस्तकं जळालेली. तेव्हा कचेरीतल्या ओटोने टेबलावर तीन बोर्ड मांडले. बोर्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावरच अख्खा संगणक, ना कपाट ना पडदा. अंगठ्याच्या नखाएवढ्या कार्डात सगळी पुस्तकं घालायची, पट्टी डब्यात बंद करून सोलरला जोडायची, की आसपासच्या फोनवर ती इंटरनेटशिवाय उघडतात. एवढंच चेटूक. ओटो खोकणारा, बुटका, चिडका माणूस, पण त्याने वीस गावांत असे डबे बसवले होते आणि त्यातले अकरा मेलेले बघितले होते. मुंग्यांनी मेलेले, धुळीने मेलेले, अचानक वीज तुटून कार्ड नासलेले. तिसरा बोर्ड सगळ्यात ताकदीचा, पण त्याने त्याला हातही लावला नाही. तो तापतो, त्याला पंखा लागतो, आणि सकाळी दहालाच बॅटरी पिऊन मोकळा होतो. त्याने मला पहिलाच दाखवला, सगळ्यात स्वस्त. थेंबभर वीज खातो, आठवडाभर ढग असले तरी चालतो. सहा-सात फोन एकदम लागले की मात्र त्याचा जीव घाबरा होतो, आणि त्याचं वायफाय वर्गाची भिंत ओलांडत नाही. ओटो म्हणाला, "बाई, असले दोन घ्या. गरिबाला वेग नको असतो, गरिबाला जोडीला दुसरं लागतं. एक मेलं की दुसरं लावायचं."

शहाणा माणूस. मी त्याचं ऐकलं नाही. मधला बोर्ड तसल्या स्वस्त दोघांच्या किमतीला एकच यायचा. तीस फोन पेलायचा, आणि त्याच्या बाजूला एक पिवळं भोक होतं, बाहेरचा अँटेना लावायला. ओटोने विचारलं, एवढ्या लांब कशाला पोचवायचंय? मी तोंड वर करून सांगितलं की पोरांची घरं लांब आहेत. खोटं. मी शाळेच्या छपरावर बांबू उभा केला, त्यावर अँटेना बांधला, आणि तो कुठे वळवला माहीत आहे? पोरांच्या घरांकडे नाही. ओढ्याकडे. तुमच्या बाजूच्या त्या जुन्या सुरूच्या झाडाकडे, जिथे आपली आई मला भेटायला येऊन बसायची आणि पाणी चढलेलं असलं की नुसताच हात हलवून परत जायची. मी लाल माती तुडवत फोन घेऊन ओढ्यापर्यंत गेले. दगडावर उभी राहिले, तर तिथेही पुस्तक उघडलं. वापे, मी त्या दगडावर एकटीच हसत होते. बत्तीस वर्षांत माझं काहीतरी पहिल्यांदा माहेरी पोचलं होतं. सांग आता, हे आमिष होतं का?

मिरिन पाचव्याच दिवशी आली. तिने आपल्या फोनला 'मिरिन कुंडीप' असं नाव दिलं होतं, त्यामुळे डब्याच्या यादीत ते तसंच उमटायचं. कुठला फोन कधी आला, त्याने कुठलं पुस्तक उघडलं, कुठलं पान, हे सगळं डबा लिहून ठेवतो. ऊन डोक्यावर आलं की सोलर जोरात असतो, तेव्हा ती सुरूखाली येऊन बसायची. काय वाचते बघितलं तर सुईणीचं पुस्तक. दवाखाना जळल्यावर तुमच्याकडे तीन बायका बाळंतपणात गेल्या होत्या, त्यातली एक तिची मैत्रीण, हे मला नंतर कळलं. एकोणीस वर्षांची पोर, तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली, पाठ करत करत. तिसऱ्या आठवड्यात ओढ्यापलीकडून ओरडली, "आत्या, मुलगा झाला, नाळ मी कापली! उकळलेल्या पात्याने!" मी इकडून ओरडले, हात धुतलेस का? तर म्हणते, "तुझ्यासारख्या मास्तरणीची भाची आहे, तीनदा धुतले." तिची जीभ तुझ्यावर नाही गेली, माझ्यावर गेली होती.

आता माझी चूक. नीट वाच.

डुकरं वाटताना आपल्याकडे कसं करतात? खुंट्यांची रांग लावायची, देणाऱ्याने रांगेवरून चालत जायचं आणि घेणाऱ्या एकेकाचं नाव ओरडायचं. घेणारा शत्रूच्या कुळातला असला तर सगळ्यात मोठ्याने, कारण आपल्याच माणसाला कुणीही देतो, शत्रूला देतो तो खरा मोठा. हे पुरुष करतात. बाई डुक्कर वाढवते, रताळी भरवते, त्याच्याशी बोलते, आणि वाटायच्या दिवशी मागे उभी राहते. मी आयुष्यभर मागे उभी राहिले. आणि आता माझ्याकडे वाटायला काहीतरी होतं, वापे. तेव्हा दर शुक्रवारी मी फळ्यावर वाचणाऱ्यांची नावं लिहायला लागले. कोण आलं, कधी आलं, किती पानं. मोठ्या अक्षरात, खडू ओला करून, म्हणजे लवकर पुसलं जाऊ नये. आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात : मिरिन कुंडीप, रोज दुपारी, सुरूचं झाड, सत्तर पानं. लोक येऊन बघायचे. बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या, की बघा, मास्तरणीने पलीकडेही दिलं. मला फार बरं वाटायचं. मी मोठा माणूस झाले होते ना.

चार शुक्रवार लिहिलं. पाचव्या शुक्रवारी तोंडोप आला. तो शाळेत कधी फिरकत नाही. पण त्याला अक्षरं येतात, मीच शिकवली, लग्न होऊन आले त्या वर्षी. तो फळ्यासमोर उभा राहिला, बोट लावून वाचलं, आणि म्हणाला, "वहिनी, तुमची भाची मोठी हुशार दिसते." मी फुगून गेले. वर त्याला सांगितलं की अख्ख्या कुंडीप कुळात बाळंतपण करू शकणारी ती एकटीच आहे. त्याने मान हलवली. मुलाच्या बदल्यात मारायला त्याच्या तोलाचं माणूस तो किती दिवस शोधत होता, आणि मी ते त्याला फळ्यावर लिहून दिलं, वेळेसकट, जागेसकट, आणि त्याची किंमतही तोंडाने सांगितली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते स्वतःवर आलं असतं तर चाललं असतं.

सोमवारी दुपारी मी चौथीला भागाकार शिकवत होते. दोन आवाज झाले. पहिल्यानंतर मला वाटलं कुणी पाखरं मारतंय. दुसऱ्यानंतर पोरं आपोआप बाकांखाली गेली, यंदा त्यांना ते कुणी शिकवावं लागत नाही. मी धावले. मला दोघींनी धरलं, मी एकीला चावले. ओढ्यावर पोचले तर तोंडोप आमच्या बाजूच्या बांबूंतून वर येत होता, घरी घडवलेली बंदूक खांद्यावर, आणि गात होता. लढाई जिंकल्याचं गाणं, हळू आवाजात. मी त्याच्या तोंडावर थुंकले. त्याने बंदुकीचा दस्ता माझ्या जबड्यात घातला, दोन दात गेले, अजून नीट चावता येत नाही. हे दया यावी म्हणून लिहीत नाही. फक्त तुला माहीत असावं की मी तिथे हात जोडून उभी नव्हते.

पहिली गोळी मिरिनच्या पोटात होती. दुसरी मानेत. ती झाडाखालून उठून पाण्याकडे आली होती, वापे, तुमच्या घरांकडे नाही, पाण्याकडे, म्हणजे माझ्याकडे. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मी आणि आमच्याकडच्या दोघी, ज्या तुमच्याच कुळातून आल्यात, अशा तिघींनी तिला पाण्यातून उचललं आणि मधल्या मोठ्या दगडावर ठेवलं, तुझ्या शेंबडाच्या दगडावर. मी तिचं तोंड धुतलं. फोन तिच्या मुठीत होता, बोटं उघडायला वेळ लागला. पडद्यावर पुस्तक तसंच उघडं होतं. मी फोन पुसून तिच्या बिलुममध्ये ठेवला आणि आम्ही मागे सरलो. तुमच्या बायका येऊन तिला घेऊन गेल्या. तू काठावर उभा होतास, अंगाला सुतकाची पांढरी माती, हातात बंदूक. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. बघितलं असतंस तर मी तिथेच सगळं सांगितलं असतं.

त्यानंतर समेट कसला. तुम्ही आमची आठ घरं जाळली, आम्ही तुमच्या कॉफीच्या बागा कोयत्याने सपासप कापल्या. तोंडोप आता दोन माणसं घेऊन फिरतो. रोज संध्याकाळी माझ्याकडे येतो आणि यादी मागतो. त्याला चटक लागलीय. पलीकडून कोण आलं आज, वहिनी? मी सांगते, मेल्या, तुझ्या गोळीनंतर कोण येणार. तो म्हणतो डबा बंद मात्र करू नका, चालू राहू दे. म्हणजे तुमचे लोक जे म्हणतात ते आता खरं झालंय बघ, आता ते खरंच आमिष आहे, फक्त टाकणारी मी नाही. मी चारदा अँटेना काढायला बांबूवर हात घातला. काढला नाही. का, तेच सांगायला हे पत्र.

चार दिवसांपूर्वी दुपारी पोरं जेवायला बसली होती आणि मी सवयीने यादी उघडली. सगळ्यात खाली नाव होतं, मिरिन कुंडीप. माझ्या हातातलं रताळं खाली पडलं. दुसऱ्या दिवशी परत. काल परत. मेलेल्या पोरीचा फोन सुरूखाली येतो आणि दुपारभर तिथेच असतो. सुरूच्या झाडापासून शाळेचं दार सरळ दिसतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिथे बंदूक घेऊन कोण बसलंय, हे कळायला मास्तरीण व्हावं लागत नाही. आणि हेही आहे की परवा तो फोन सुईणीच्या पुस्तकात पान एकशे बारावर होता आणि काल एकशे तेरावर. फोन आपल्या आपण पान उलटत नाही. वापे, आपल्याकडचा पुरुष बाळंतपणाचं चित्र बघत नाही, बंदूक हातात असताना तर नाहीच, नेम चुकतो म्हणतात, हाडं पाण्यासारखी होतात म्हणतात. तू बघितलंस. म्हणून मी हे पत्र एकशे तेराव्या पानाच्या पुढे ठेवलंय. इथे आमचा एकही पुरुष बोट लावणार नाही, आणि आमच्या बायकांत वाचता येतं त्या दोघींना, ज्यांनी मिरिनला माझ्याबरोबर उचललं. तुझं नाव मी फळ्यावर लिहिलेलं नाही. तोंडोपला सांगितलेलं नाही, सांगणार नाही, तो रोज विचारतो आणि मी रोज त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलते. उद्या पोरांना मी मागच्या वाटेने लवकर घरी पाठवीन आणि ऊन डोक्यावर आलं की पुढच्या दाराने एकटी बाहेर येईन. पायरीवर बसेन. मिरिनचं नाव ज्या हाताने लिहिलं तो हात तुझ्यासमोर असेल, तुझा नेम चांगला आहे, दुसरं कुणी मध्ये येणार नाही. पण त्याआधी एक कर. पलीकडच्या बायका सांगत होत्या की तुझ्या सुनेचे दिवस भरत आलेत आणि बाळ उलटं आहे, पाय खाली. मिरिन पायाळू बाळाच्या बाराव्या प्रकरणाशी तीन दिवस का अडली होती ते मला तेव्हा कळलं. तूही पायाळूच जन्मलास, आई दोन दिवस ओरडत होती, मी आठ वर्षांची होते, मला तो आवाज अजून येतो. तुझ्या सुनेला तसं होऊ नये म्हणून ती ते पाठ करत होती. मी गेले की डब्याची बॅटरी दुसऱ्या कुणाला लावता येत नाही, ओटोने सांगितलेला दुसरा बोर्ड मी घेतला नाही, आणि ते पुस्तक या डोंगरावर दुसरीकडे कुठेही नाही. खाली कोपऱ्यात बाण आहे, तो दाब, सगळं प्रकरण फोनमध्ये उतरेल. एवढ्या लांबून वीस मिनिटं लागतात, मध्येच उठू नकोस. ते उतरू दे, वापे. मग गोळी झाडायची तर झाड.

तू हे वाचतोयस तेव्हा मी पायरीवर बसलेय, घाई नाही.

तुझीच, अजून तरी,
ताई